नाकातलं माप

पूर ओसरला बुधवारी आणि फिनेलवाल्या आजींचा ताप उतरला रविवारी. मधले चार दिवस अख्ख्या गावाला फिनेल हवं होतं, आणि फिनेल करणारं माणूस दोन पांघरुणांखाली दात वाजवत पडलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तो पुरात आला. आजींचा मुलगा दिवसातून दहा वेळा आईच्या कपाळाला हात लावून बघायचा. त्यात माया किती आणि फिनेलची काळजी किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडच्या भिंतीला झाडू, खराटे, जाळी काढायचे लांब दांड्यांचे कुंचे टांगलेले. खाली केरभरण्या, बादल्या, पाणी ओढायचे वायपर, तारेच्या घासण्या, फरशी पुसायच्या फडक्यांचे गठ्ठे. मुलगा हे सगळं तीनचाकी गाडीवर लादून गल्लोगल्ली फिरायचा आणि ओरडायचा, "मन सोडून सगळं साफ करायचं सामान." बायका हसायच्या आणि घ्यायच्या.

पण झाडू काय, कुठल्याही दुकानात मिळतो. घर चालायचं ते फिनेलवर. अर्क बाहेरून कॅनमधून यायचा, आणि दर कॅनचा जोर वेगळा. कधी उन्हात राहिलेला, कधी तळाशी बसलेला. पाण्यात वाटीभर अर्क पडला काय आणि चार वाट्या पडल्या काय, पाणी दुधासारखं पांढरं होणारच, म्हणजे तिथे डोळ्यांचं काही काम नाही. मापाने घालावं तर एकदा कडक होई, एकदा पाणचट. म्हणून आजींनी माप ठेवलंच नव्हतं. निळ्या पिंपात पाणी घ्यायचं, अर्क ओतत जायचं, सून लाकडी दांड्याने ढवळत राहायची. आजी वाकायच्या, दोनदा हलका श्वास घ्यायच्या, तिसऱ्यांदा जरा खोल. वास जमला की कमरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या आणि म्हणायच्या, "बसला." त्यानंतर थेंबभर अर्क नाही की थेंबभर पाणी नाही.

सून या घरात आली त्याला सहा वर्षं झाली होती. तिने ढवळलं, बाटल्या धुतल्या, नरसाळ्याने भरल्या, झाकणं पिळून पिळून मनगटं दुखवून घेतली. एकदा तिने विचारलं होतं, "आई, नेमका केव्हा बसतो?" आजी म्हणाल्या होत्या, "बसला की कळतं." सहा वर्षांत तिचं शिक्षण ते एवढंच.

सोमवारी सकाळी आजी उठल्या, चहा घेतला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. गल्लीत पोटरीभर चिखल होता आणि लोक फावड्याने तो घराबाहेर ओढत होते. प्रत्येकाच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"एवढी धूळ कुठे आहे?" आजींनी विचारलं. "सगळे तोंडं बांधून का फिरताहेत?"

"धूळ कसली, आई. घाण मारतेय नुसती," सून म्हणाली. तिनेही नाकावर हात धरला होता.

"हो, ते तर आहेच," आजी म्हणाल्या आणि आत वळल्या. तापातून उठलेल्या माणसाला जग जरा लांब वाटतंच, तसं असेल असं त्यांना वाटलं.

शेडमध्ये पाणी गुडघ्याएवढं चढलं होतं. सुनेने दोन दिवस एकटीने घासून ती उघडी केली होती. तीन पांढरे कॅन धुऊन भिंतीशी ओळीने लावले होते. एकात अर्क, एकात संडास धुवायचं ॲसिड, एकात भांड्यांचं साबणपाणी. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या पुराने नेल्या होत्या. नव्या चिकटवू का, असं सुनेने विचारलं तेव्हा आजींनी हात झटकला. "चिठ्ठ्या दुकानदाराला लागतात. आपल्याला झाकण उघडलं की कळतं."

त्या दिवशी मुलाने सकाळीच गाडीवरून आणलेला अर्काचा नवा कॅन दारातच होता, म्हणून घोटाळा झाला नाही. पिंप भरलं. अर्क पडला, पाणी पांढरं झालं, सून ढवळू लागली. आजी वाकल्या. एक श्वास, दुसरा श्वास. तिसरा जरा खोल. त्या तशाच वाकून राहिल्या. मग आणखी अर्क घातला आणि पुन्हा वाकल्या.

"पाणी आहे नुसतं," त्या म्हणाल्या.

सून ढवळायची थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "येतोय की वास, आई."

"काय येतोय?"

"वास. चांगला कडक."

"याला कडक म्हणतात? सहा वर्षं काय हुंगलंस मग? पुन्हा बघ."

सुनेने पुन्हा वाकून हुंगलं. आणि माणसाचं मन बघा कसं असतं, या वेळी तिला खरंच वाटलं की काहीतरी कमी आहे. आई इतक्या ठामपणे म्हणताहेत म्हणजे आपलंच नाक चिखलाने मेलं असणार. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर असेल."

मंगळवारी कॅनवाले काका आपला टेम्पो घेऊन आले. अर्क तेच पुरवायचे. शांत, ढेरपोटा माणूस. दहा वर्षांत या घराशी त्यांचा शब्दाने शब्द वाढला नव्हता. आजींनी त्यांना दारातच गाठलं आणि गल्लीतल्या फावडेवाल्यांच्या देखत विचारलं, "पुराचं पाणी कॅनमध्ये भरून विकायला लागलात का?"

काका आधी हसले. मग आजी हसत नाहीत हे पाहून गप्प झाले. त्यांनी झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि ठसकाच लागला त्यांना. डोळे पुसत म्हणाले, "आजी, हा अर्क पाणी असेल तर मी माझं नाक कापून देतो."

"तुमचं नाक घेऊन मी काय करू? अर्क द्या."

त्यांनी टेम्पोतून दुसरा कॅन काढला. आजींनी तोही हुंगला. "हाही तसलाच." तिसरा काढला. "हाही." तोवर फावडेवाले फावड्यांवर हनुवट्या टेकून बघायला उभे राहिले होते. एकजण म्हणाला, "आजींच्या नाकाला कोण फसवणार?" काकांचे कान लाल झाले. आपल्या मालाबद्दल त्यांना खात्री होती, पण आजींच्या नाकाबद्दल त्याहून जास्त होती, आणि दोन्ही खरं कसं असेल हे त्यांना उलगडेना. ते मुलाला टेम्पोमागे घेऊन गेले.

"तुझी आई म्हणते म्हणजे असणारच," ते हळूच म्हणाले. "मी वर चौकशी करतो. पण मला काही कळत नाही रे." आणि त्यांनी एक कॅन तसाच ठेवला, भरपाई म्हणून. दोष नसलेल्या माणसाने भरपाई दिली की बघणाऱ्यालाच शरम वाटते. सून आत निघून गेली.

आजींनी मग 'पाणचट' अर्कातून कस काढायचा म्हणून दुपटीने अर्क ओतला. तरी काही येईना, म्हणून आणखी एक तांब्या. शेवटी हात थकले म्हणून म्हणाल्या, "बसला." आवाज नेहमीसारखा नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलाला गाडीवर बाटल्या रचताना डोळे चुरचुरले. त्याने मनात म्हटलं, आई म्हणते बसला, म्हणजे बसला.

बुधवारी संध्याकाळी तो परत आला तो चेहरा पाडून. शिंप्याच्या बायकोने बाटली अर्धी आहे तशी परत केली होती. तिच्या बोटांची साल निघाली होती. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसेना. एका घरात फरशी तीनदा नुसत्या पाण्याने पुसली तरी लोक अंगणात जेवले.

"मी रोजच्यापेक्षा जास्त घातलं?" आजींनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मुलाला विचारला की स्वतःला, ते समजलं नाही. गुरुवारी त्यांनी हात आखडला. पिंपात अर्क पडतो न पडतो तोच थांबल्या. सून म्हणाली, "आई, फारच कमी वाटतंय." आजी म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली." गुरुवारच्या बाटल्या घेऊन गेलेल्या बायकांनी शुक्रवारी सकाळी मुलाला भर रस्त्यात थांबवून विचारलं की गाडीवर दूधही विकतोस का.

मुलाचं डोकं फिरलं. घरी येऊन त्याने बायकोला शेडच्या दारात उभं केलं.

"आई तापातून उठली तेव्हापासून ढवळायला तू आहेस. भरायलाही तूच. नेमकं काय करतेस तू?"

"आधीही मीच होते की," सून म्हणाली.

"मग आधी असं का होत नव्हतं?"

 त्याला कुणावर तरी बोट ठेवायचं होतं, आणि आईवर ठेवायला ते धजत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. इथे तर चोर कोण आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर आजी शेडच्या कोपऱ्यात नवे खराटे बांधायला बसल्या. काड्यांचा जुडगा मांडीखाली दाबायचा, तार दोनदा फिरवायची, पकडीने पिळायची. सून बादली घ्यायला आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिच्या घशाशी आलं. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांमागे काहीतरी मेलं होतं, पुरानंतर आत शिरलेली घूस असावी, आणि तीन दिवसांच्या उन्हाने ते फुगलं होतं. आजी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून शांतपणे तार पिळत होत्या.

"आई, इथे बसवतं कसं तुम्हाला?"

"का? सावली आहे."

 सुनेने गठ्ठ्यांकडे बघितलं आणि नाक दाबलं. आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्यांकडे. पकड खाली ठेवली, आणि मग हात नाकाकडे नेला.

"मेलंय वाटतं काहीतरी," त्या म्हणाल्या. "केव्हाची सांगणार होते तुला."

उशीर झाला होता तो एका क्षणाचाच. पण तेवढ्यात सुनेला आठवडाभराचं सगळं कळलं. तोंडाला बांधलेली फडकी, तीन कॅन, काकांचे लाल कान, शिंप्याच्या बायकोची बोटं. तिला आधी बरं वाटलं, आपलं नाक शाबूत आहे म्हणून. मग आजींच्या नाकावरचा तो हात बघून फार वाईट वाटलं. तिने गठ्ठे हलवले, कॅन पुढे ओढले, केरभरणीवर ती घूस उचलून लांब टाकून आली, फरशी घासली आणि कॅन परत लावले. 

दुपार उलटल्यावर शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आल्या. मुख्याध्यापिका बाई कधी कुणाच्या दारात येत नसत. त्या बसल्याही नाहीत.

"पहिल्या बाटल्यांनी आमच्या शिपायाचे हात सोलले. दुसऱ्या बाटल्या म्हणजे पाणी. काय चाललंय मला समजत नाही. सोमवारी शाळा भरायची आहे आणि वर्गांत अजून चिखलाची घाण आहे. बाजारात सीलबंद माल मिळतो. माझ्या जागी दुसरी असती तर केव्हाच घेतला असता. उद्या दुपारी बारापर्यंत सहा कॅन पाठवा. तेही असेच निघाले तर मग पुन्हा विचारणार नाही."

शाळेचं बघून दवाखाना घ्यायचा, दवाखान्याचं बघून पंचायत. शाळा गेली की गाडीवर झाडू तेवढे उरणार, हे घरातल्या तिघांनाही सांगायची गरज नव्हती. बाई गेल्यावर मुलगा बायकोकडे वळला. "उद्याचा माल आई एकटी करेल. तू पिंपाला हात लावायचा नाहीस. शेडमध्ये यायचंच नाहीस."

"अहो, मला वाटतं, आईंना वास..." तिने आवाज खाली आणला. "वास येत नसेल."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आईला? उद्या म्हणशील माशाला पोहता येत नाही."

ती आजींकडे गेली. आजी दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांच्या उशाशी कापलेला कांदा, कपडे धुवायची वडी आणि रॉकेलची बाटली होती. सुनेने ते पाहिलं न पाहिलंसं केलं.

"आई, उद्या आधी मी हुंगून बघू का? तुम्ही नंतर सांगा."

"का? मी मेले का?" आजी भिंतीलाच म्हणाल्या.

शनिवारी सकाळी नऊ वाजता आजींनी पिंपात पाणी घेतलं. मुलगा गाडी दाराशी लावून शेडमध्ये उभा राहिला, पहारेकऱ्यासारखा. दांडाही त्यानेच धरला. सून उंबऱ्याबाहेर, तिला सांगितलं होतं तिथे. उघड्या कॅनमधला अर्क आजींनी ओतला. पाणी पांढरं झालं. आजी वाकल्या. एक श्वास, दोन श्वास, तिसरा. वर बघितलं. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. पुन्हा वाकल्या. कपाळावर घाम आला होता. कॅन उलटा केला तर तळातले चार थेंब पडले.

"आणखी लागेल," त्या म्हणाल्या.

त्या भिंतीशी गेल्या. कॅन एकसारखे. एकाचं झाकण उघडून त्यांनी नाक जवळ नेलं, मग दुसऱ्याचं. मग पहिला हलवून बघितला, उचलून वजन घेतलं, बोटाने झाकणाची कड चाचपली. मुलाला वाटलं, आई अर्क पारखतेय. बराच वेळ त्या तिथे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. शेवटी मधला कॅन उचलून पिंपापाशी आणला.

झाकण निघालं तसा उंबऱ्याबाहेर सुनेच्या नाकात तो वास गेला. मुलालाही गेला. त्याला जरा तिखट वाटला, पण आई घालतेय म्हणजे घालायचंच असेल, असं म्हणून तो ढवळत राहिला. आजींनी कॅन पिंपाच्या काठावर टेकवून तिरका केला.

सून उंबरा ओलांडून आली आणि तिने कॅन दोन्ही हातांनी मागे ओढला. आजी सोडीनात. कॅन हिसकला, आतलं पाणी पिंपात न पडता फरशीवर उडालं आणि सुनेच्या पावलावर पडलं. ती खाली बसली.

"तुला सांगितलं होतं ना!" मुलगा ओरडला. "आईच्या हातातनं ओढतेस?"

"ॲसिड आहे ते," सून म्हणाली. तिने पाऊल घट्ट धरलं होतं.

फरशीवर जिथे पाणी उडालं होतं तिथून पांढरा फेस वर येत होता, चरचरत. तिघंही त्या फेसाकडे बघत राहिले. आधी भानावर आला तो मुलगा. त्याने पाण्याची बादली ओढली, तांब्याने तिच्या पावलावर पाणी ओतू लागला, आणि ओतता ओतताच म्हणाला, "कॅनची जागा कुणी बदलली? काल फरशी तूच घासलीस ना? कॅन तूच हलवलेस. आईला वाटलं तिथे अर्क आहे. तू मुद्दाम केलंस की तुला अक्कल नाही, तेवढं सांग."

सुनेने सासूकडे बघितलं. तिने कॅन हलवले होते हे खरं होतं. परत लावताना कुठला कुठे ठेवला हे तिने बघितलं नव्हतं, हेही खरं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पायाच्या आगीने की कशाने, ते तिला सांगता आलं नसतं.

आजी भिंतीला टेकल्या होत्या. त्यांना फक्त मान हलवायची होती. सुनेने कॅन हलवले, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मग घर जसं होतं तसं राहिलं असतं. गावाला आजींचं नाक राहिलं असतं, मुलाला आई राहिली असती आणि सुनेला बोलणी खायची तर सहा वर्षांची सवय होती.  मुलगा तांब्यावर तांब्या ओतत वाट बघत होता.

"मला वास येत नाही," आजी म्हणाल्या.

"कसला?"

"कसलाच नाही. ताप उतरला तेव्हापासून. चहाचा नाही, चिखलाचा नाही. तो कोपऱ्यात मेलेला जीव, त्याचाही नाही. हिने जिथे ठेवला असता तिथून मी ॲसिडच उचललं असतं. मला कळलंच नसतं."

मुलाचा तांब्या हातातच राहिला. "पण मंगळवारी तू काकांना..."

"हो. त्यांच्याकडे मी जाईन. फावडेवाल्यांच्या देखत बोलले होते, त्यांच्याच देखत बोलेन. तू नको येऊस."

मुलगा उपड्या बादलीवर बसला. त्याने बायकोकडे बघितलं आणि पुन्हा तिच्या पावलावर पाणी ओतू लागला. पाऊल केव्हाच धुतलं गेलं होतं. तरी तो ओतत राहिला, आणि तिनेही पाय मागे घेतला नाही.

दहा वाजून गेले होते. आजी म्हणाल्या, "उठवत असेल तर ऊठ. बाराला गाडी जायची आहे. हुंग."

"मला नाही कळत केव्हा बसतो ते," सून म्हणाली. "मला भीती वाटते."

"मला तरी आता कुठे कळतं? तू काय येतं ते सांग, मी काय करायचं ते सांगते."

सून लंगडत पिंपापाशी गेली. काकांनी भरपाई म्हणून ठेवलेला कॅन मुलाने पुढच्या खोलीतून आणला आणि त्यातला थोडा अर्क पिंपात ओतला. पण ॲसिडचा, फिनेलचा, कालच्या त्या घुशीचा, सगळ्यांचा तिच्या नाकात नुसता कल्ला झाला होता. सगळं सारखंच वाटत होतं. ती बाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभी राहिली, परत आली, वाकली.

"कडक येतोय."

"कडक म्हणजे कुठे लागतो?"

"नाकात."

"नाकात कुठे? पुढे की वर, डोळ्यांपाशी?"

सुनेने विचार केला. असा विचार तिने कधी केला नव्हता. "वर. डोळ्यांच्या मागे."

"मग जास्त आहे. पाणी घाल, दोन बादल्या."

मुलाने पाणी घातलं, ढवळलं. सून वाकली. "अजून वरच आहे. पण टोचत नाही आता."

"आणखी एक. ओतू नकोस, सोड हळूहळू." आजी डोळे मिटून बसल्या होत्या. "घशात उतरतो का?"

"नाही."

"उतरला पाहिजे. जिभेच्या मुळाशी जरासा, सर्दी सुटते तसा."

"उतरला. आणि मागून काहीतरी गोडसर येतंय."

"गोड की लाकडासारखं?"

"लाकडासारखं. ओल्या लाकडासारखं."

आजींनी डोळे उघडले. हे सगळं आपल्याला माहीत आहे, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं नाकाने परस्पर काम केलं, कधी विचारायला आलं नाही. "आणखी वाटीभर पाणी घाल आणि मग तूच सांग," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगणार."

सून वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. मग म्हणाली, "भरू या."

गाडी बाराला पाच मिनिटं कमी असताना निघाली. दीडला मुलगा परत आला आणि सांगू लागला. मोठ्या बाईंनी एका कॅनचं झाकण उघडून नाक लावलं, एक वर्ग त्याच्यासमोर पुसून घेतला, दारात उभ्या राहून म्हणाल्या, हं, हा आपला वास. पुढच्या आठवड्याचा मालही सांगितला त्यांनी. एवढं बोलून तो बायकोच्या पायासाठी आणलेलं मलम पुढे करून उभा राहिला. कुणी ते घेईना तेव्हा त्याने ते खिडकीत ठेवलं आणि बाहेर गेला.

दुपारी दोघीच शेडमध्ये होत्या. सून पाय पुढे पसरून झाकणं वेचत होती. आजी काकांकडे जायला निघाल्या होत्या. कपडे बदलले होते, केस विंचरले होते. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "खरं सांग. माझ्या अंगाला वास येतो का गं? म्हाताऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही. आधी माझं मला कळायचं. आता चारचौघांत जायचं म्हणजे..."

सुनेने खाली बघितलं. मग उठली, लंगडत जवळ गेली, सासूच्या खांद्याशी वाकली. इतक्या जवळ ती कधी आली नव्हती.

"येतो," ती म्हणाली.

आजींचा चेहरा उतरला. "कसला?"

"फिनेलचा."

"सकाळी काम केलं म्हणून असेल. आंघोळ करून जाते."

"आंघोळीने नाही जाणार, आई. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून येतो. तुम्ही खोलीत यायच्या आधी तो येतो. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे."

"कोणी बोललं नाही कधी."

"तुमचं एवढं नाक, तुम्हाला कोण सांगणार?"

आजी गोंधळून तिच्याकडे बघत राहिल्या. गावातला कुठला वास आपल्या नाकातून सुटला नाही, असं त्या आयुष्यभर समजत आल्या होत्या. त्यांनी हात उचलला, बाही नाकाला लावली आणि पूर्ण छाती भरून श्वास घेतला. काही आलं नाही. त्यांनी बाही दुसऱ्या बाजूने लावली आणि पुन्हा घेतला.